मेहनताना की नफा? खाजगी कंपनीतील संचालकांच्या वेतनाची वाजवी मर्यादा

प्राप्तिकराच्या भारतीय न्यायशास्त्रात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली वालचंद आणि कंपनीच्या प्रकरणात दिलेला निर्णय प्रमाणग्रंथाप्रमाणे उद्धृत केला जातो. मुंबईच्या या खाजगी कंपनीने वाढविलेल्या मेहनतान्याचा काही भाग प्राप्तिकर खात्याने खर्च म्हणून मान्य केला नव्हता. अपीलीय न्यायाधिकरणाने असा दंडक लावला की, वेतन वाढावयाचे तर त्या प्रमाणात नफाही वाढलेला दिसला पाहिजे. न्या. जे. सी. शहा यांनी हा दंडक चुकीचा ठरविला. खर्च वाजवी की अवाजवी हे धंदा करणाराच्या दृष्टीने पाहावयाचे, महसूल गोळा करणाराच्या दृष्टीने नव्हे. धंद्याचा व्याप, कामाचे स्वरूप, माणसाची विशेष पात्रता, पुढील विस्ताराची अपेक्षा अशा अनेक गोष्टी वेतन ठरविताना मालक लक्षात घेऊ शकतो. दिलेली रक्कम खरोखर दिली गेली काय, आणि ती धंद्याकरिताच दिली गेली काय, एवढे तपासण्याचा न्यायाधिकरणास अधिकार आहे. कोणास किती पगार असावा हे ठरविणे त्याचे काम नव्हे.

हा निर्णय उदार आहे आणि त्याच्या मर्यादेत योग्यही आहे. कचेरीत बसून कारखान्याचे पगार ठरविण्याचा मोह अधिकाऱ्यांना आवरता येत नाही, हे ज्यांनी करनिर्धारणाचे आदेश वाचले आहेत त्यांना सांगावयास नको. तथापि या निर्णयाचा जो सर्रास उपयोग केला जातो तो तपासून पाहण्याजोगा आहे. ‘धंदा करणाराची दृष्टी’ ही कसोटी एक गोष्ट गृहीत धरते: वेतन देणारा एक आणि घेणारा दुसरा. देणाराला आपला पैसा वाचवावयाचा असतो, घेणाराला तो मिळवावयाचा असतो, आणि या ओढाताणीतून जो आकडा निघतो तो बहुधा वाजवी असतो. न्यायालयाने त्या आकड्यात हात घालू नये, हे म्हणणे या ओढाताणीच्या भरवशावर उभे आहे. परंतु ज्या कंपनीचे सर्व भाग एकाच कुटुंबात आहेत, जिच्या संचालक मंडळाची सभा म्हणजे घरातील चौघांची बैठक, तेथे देणारा व घेणारा एकच असतो. तेथे ‘धंदा करणाराची दृष्टी’ विचारणे म्हणजे घेणारालाच त्याचे वेतन वाजवी आहे काय असे विचारणे होय.

सर्वोच्च न्यायालयास ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. त्याच सुमारास कानपूरच्या स्वदेशी कॉटन मिल्सच्या प्रकरणात, संचालकांना दिलेले कमिशन धंद्याच्या हिताखेरीज इतर कारणाने दिले गेले या भूमिकेवरून केलेली नामंजुरी त्याच न्यायालयाने कायम केली होती. दोन्ही निर्णय एकत्र वाचले म्हणजे कळते की, न्यायालय रकमेच्या आकाराकडे नव्हे, तर तिच्या प्रयोजनाकडे पाहत होते. वकिलांच्या युक्तिवादांत मात्र वालचंद निर्णय पुढे येतो आणि स्वदेशी निर्णय मागे राहतो.

विधिमंडळाने वाट पाहिली नाही. १९२२ च्या अधिनियमातच कंपनीच्या संचालकांना दिलेल्या अवाजवी रकमेसंबंधी एक उपकलम पुढे घातले गेले होते. वालचंद निर्णयानंतर एकाच वर्षाने, १ एप्रिल १९६८ पासून, १९६१ च्या अधिनियमात कलम ४०अ(२) आले. संचालक, त्याचे नातेवाईक व भरीव हितसंबंध असलेल्या व्यक्ती यांना दिलेला खर्च तीन गोष्टींच्या तुलनेने अधिक वाटला तर अधिकाऱ्याने तेवढा नामंजूर करावा: सेवेची बाजारातील रास्त किंमत, धंद्याची खरी गरज, आणि धंद्यास झालेला लाभ. (येथील कलमांचे क्रमांक १९६१ च्या अधिनियमाचे आहेत. १ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अंमलाची तारीख, त्या २०२५ च्या अधिनियमाने मांडणी बदलली. मूळ प्रश्न तोच राहिला.) पुढे ६ जुलै १९६८ च्या परिपत्रकाने मध्यवर्ती मंडळाने अधिकाऱ्यांना बजाविले की, हे कलम कर चुकविण्यास आळा घालण्यासाठी आहे, प्रामाणिक व्यवहारांना जाचण्यासाठी नव्हे. कंपनी कायद्यातील नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा केवळ सार्वजनिक कंपन्यांनाच लागू असल्याने, खाजगी कंपनीतील संचालकाच्या वेतनास विचारणारे दुसरे कोणी उरत नाही. भागधारक तक्रार करीत नाहीत, कारण तेच लाभार्थी असतात. प्राप्तिकर अधिकारी हाच येथे एकमेव परका माणूस होय.

‘नातेवाईक’ या शब्दाची व्याख्याही पाहण्याजोगी आहे. पती, पत्नी, भाऊ, बहीण आणि सरळ वंशातील वरचे व खालचे, एवढेच त्यात येतात. पुतण्या, भाचा व जावई तीत येत नाहीत. वऱ्हाडातील एकत्र कुटुंबाची रचना ज्यास माहीत आहे त्याला ही व्याख्या परक्या हाताने लिहिली गेली हे सहज जाणवेल. चुलत्याच्या कारखान्यात आयुष्य घालविणारा पुतण्या कायद्याच्या दृष्टीने त्रयस्थ, आणि दूरच्या शहरी राहून कारखान्याकडे कधी न फिरकलेला भाऊ मात्र नातेवाईक.

आता या कसोट्या वाशिमसारख्या जिल्ह्यात आणून पाहाव्यात. अकोल्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेला हा जिल्हा वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा आहे. कापूस, तूर व सोयाबीन ही त्याची पिके, आणि त्यांच्यावर प्रक्रिया करणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने व डाळ गिरण्या हे त्याचे साहजिक उद्योग. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळकडे जाणारा अरुंद मापाचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी घातला गेला तो या मुलखातील कापसासाठीच. अशा ठिकाणी जिनिंग कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाची ‘बाजारातील रास्त किंमत’ कोठे शोधावयाची? मुंबईत किंवा पुण्यात व्यवस्थापकांचा बाजार आहे. जाहिराती निघतात, माणसे एक नोकरी सोडून दुसरी धरतात. जेथे असे कारखाने बहुतांशी मालकाच्या घरचीच माणसे चालवितात, तेथे त्या पदाची खरेदीविक्री होतच नाही, मग तिचा भाव कोठून यावा? तुलनेस उरतो तो मुनीम. मुनिमाचा पगार हा व्यवस्थापनाचा भाव समजणे म्हणजे हमालाच्या मजुरीवरून अडत्याचे उत्पन्न ठरविणे होय. मुनीम हिशेब लिहितो. कापसातील ओलावा हाताने ओळखून भाव बोलणे, रुईच्या गाठी आज विकाव्यात की महिनाभर थांबावे, सरकी कोणास उधार द्यावी, बँकेच्या कर्जास स्वतःचे घर तारण लावावे काय, हे निर्णय तो घेत नाही.

या शेवटच्या बाबीकडे करनिर्धारणात फारसे लक्ष पुरविले जात नाही. लहान कंपनीत बँक संचालकाची वैयक्तिक हमी मागते. तिच्या मोबदल्यात स्वतंत्र रक्कम घेतली नसेल, तर वेतनाचा काही अंश त्या जोखमीचा आहे असे म्हणणे गैर नाही. परक्या व्यवस्थापकाच्या पगाराशी तुलना करताना, त्या परक्याने आपले घर तारण ठेवले असते काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

वेतनाऐवजी कमिशन किंवा बोनस दिला असल्यास प्रश्नाला निराळे वळण लागते. कलम ३६(१)(ii) प्रमाणे, जी रक्कम नफा किंवा लाभांश म्हणूनच मिळाली असती ती बोनसच्या नावाने वजा करता येत नाही. या कलमाखाली २०११ साली मुंबईच्या अपीलीय न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने दलाल ब्रोचा स्टॉक ब्रोकिंग या कंपनीच्या प्रकरणात निर्णय दिला. तीन भागधारक-संचालकांना प्रत्येकी ४० लाख, असे एकूण १ कोटी २० लाख रुपये कमिशन म्हणून दिले होते. लाभांश जाहीर केला नव्हता. वेतनाव्यतिरिक्त काही विशेष सेवा केल्याचे दाखविता आले नाही. पीठाने हे कमिशन लाभांशाच्या जागी दिले गेले असे मानून ते नामंजूर केले. त्यानंतर दिल्ली उच्च न्यायालयाने ए. एम. डी. मेटप्लास्टच्या प्रकरणात उलट दिशा धरली: लाभांश भागांच्या प्रमाणात सर्व भागधारकांना द्यावा लागतो, कमिशन सेवेबद्दल एकालाच दिले जाते, म्हणून एकाचे दुसरे म्हणता येणार नाही.

दिल्लीचा तर्क व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ज्या कंपनीत तीन भाऊ समान भागीदार आहेत आणि तिघांना समान कमिशन मिळते, तेथे त्याचा काही उपयोग होत नाही, कारण तेथे प्रमाण आपोआपच जुळते. विशेष पीठाचा निर्णय या परिस्थितीत अधिक समंजस ठरतो. त्यात उणे आहे ते वेगळे. समान वाटणी संशयास्पद हे मान्य केले, तरी प्रत्येकाच्या कामाचे मोल किती हा प्रश्न पीठाने सोडविलाच नाही. विशेष सेवा सिद्ध झाली नाही, एवढ्यावर संपूर्ण रक्कम गेली. तीन भावांपैकी एक कारंज्याच्या बाजारात पहाटेपासून उभा असतो, दुसरा हिशेब व बँक पाहतो, तिसरा अकोल्यास राहतो. समान कमिशनाने पहिल्या दोघांच्या श्रमावर अन्याय होतो, आणि ते सरसकट नामंजूर झाले म्हणजे तो अन्याय दुसऱ्यांदा होतो.

कर वाचविण्याचा मोह किती, हे आकड्यांनीच स्पष्ट होते. कलम ११५बअअ स्वीकारलेल्या कंपनीचा कर २२ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार व ४ टक्के उपकर धरून २५.१७ टक्क्यांच्या आसपास होतो. वरच्या टप्प्यातील, पण अधिभार न लागणाऱ्या व्यक्तीचा दर उपकरासह ३१.२ टक्के. नफ्याचे १०० रुपये वेतन म्हणून दिले तर कंपनीला त्यावर कर नाही, संचालकास ३१.२० रुपये. तेच लाभांश म्हणून दिले तर कंपनीचे २५.१७ रुपये आणि उरलेल्या ७४.८३ वर भागधारकाचे सुमारे २३.३५ रुपये, म्हणजे एकूण ४८.५२ रुपये. १९९७ ते २०२० या काळात लाभांश वाटपावरील कर कंपनीच भरीत असे. १ एप्रिल २०२० पासून तो गेला व लाभांश पुन्हा भागधारकाच्या हाती करपात्र झाला, त्यामुळे ही दरी उघडी पडली आहे. तिसरा हिशेब क्वचितच मांडला जातो. दिलेल्या वेतनापैकी १०० रुपये अवाजवी म्हणून नामंजूर झाले, तर संचालकाचे ३१.२० रुपये तसेच राहतात, कारण त्याच्या हाती ते वेतनच असते. आणि कंपनीला २५.१७ रुपये वेगळे भरावे लागतात. एकूण ५६.३७. म्हणजे नामंजुरीचा भार प्रामाणिकपणे वाटलेल्या लाभांशापेक्षाही अधिक. अवाजवी वेतन हे खरोखर लाभांशच असेल, तर त्यास लाभांशाप्रमाणेच वागविले पाहिजे. त्याहून जड शिक्षा देण्यास शास्त्रीय आधार दिसत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने इंडो सौदी सर्व्हिसेसच्या प्रकरणात वर उल्लेखिलेल्या परिपत्रकाचा आधार घेऊन म्हटले की, घेणारा पक्षही तितकाच कर भरीत असेल आणि करचुकवेगिरी दाखविता येत नसेल, तर कलम ४०अ(२) लावू नये. ते प्रकरण भगिनी संस्थेस दिलेल्या कमिशनाचे होते आणि तेथे हा न्याय ठीक बसतो. पण संचालकाच्या वेतनास तो जसाच्या तसा लावण्यात गफलत आहे. २५ टक्के भरणारी कंपनी ३१ टक्के भरणाऱ्या संचालकास पैसे देते, म्हणून महसुलाचा तोटा नाही, असा युक्तिवाद केला जातो. या तुलनेत दुसऱ्या पारड्यात कंपनीतच राहणारा नफा ठेवला जातो. नफा जर कंपनीत राहणारच नव्हता, कुटुंबाच्या हाती जाणारच होता, तर दुसऱ्या पारड्यात लाभांश ठेवला पाहिजे, आणि मग फरक १७ रुपयांहून अधिक पडतो. कोणते पारडे खरे, हे कंपनीच्या मागील काही वर्षांच्या वर्तनावरून कळू शकते: नफा राखून यंत्रे घेतली गेली, की घरखर्चास लागला.

अमेरिकेत हा प्रश्न जुना आहे. तेथील काही न्यायालये बारापंधरा घटकांची यादी घेऊन बसत. १९९९ साली सातव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयात एक्झॅक्टो स्प्रिंग कॉर्पोरेशनचे प्रकरण आले. कंपनीच्या प्रमुखास १९९३ साठी १३ लाख व १९९४ साठी १० लाख डॉलर मिळाले होते. खात्याच्या मते वाजवी रक्कम ३ लाख ८१ हजार व ४ लाख. कर न्यायालयाने मधला मार्ग काढून ९ लाख व ७ लाख ठरविले. न्यायाधीश पोझ्नर यांनी ही याद्यांची पद्धत टाकून दिली. त्यांनी एकच प्रश्न विचारला: या कंपनीत पैसे गुंतविणारा एखादा त्रयस्थ माणूस असता, तर हा पगार देऊन झाल्यावर उरलेल्या उत्पन्नावर तो समाधानी असता काय? खात्याच्याच तज्ज्ञाने १३ टक्के परतावा अपेक्षिला होता, प्रत्यक्षात तो २० टक्के होता. पगार वाजवी ठरला.

वालचंद निर्णयातील उणीव ही कसोटी नेमकी भरून काढते. धंदा करणाराची दृष्टी ती टाकीत नाही. देणारा व घेणारा एकच झाल्यामुळे जो परका नाहीसा झाला होता, त्याला ती कल्पनेने परत आणते. कारंज्यातील एक काल्पनिक जिनिंग कंपनी घ्यावी. भांडवल २ कोटी, संचालकाचे वेतन वजा करण्यापूर्वीचा नफा ६० लाख, वेतन ३६ लाख. उरलेल्या २४ लाखांवर कर जाऊन सुमारे १८ लाख राहतात. भांडवलावर ९ टक्के. त्रयस्थ गुंतवणूकदार कुरकुरेल, पण सोडून जाईलच असे नाही. वेतन ५० लाख असते, तर १० लाखांवर कर जाऊन उरतात साडेसात लाख, म्हणजे पावणेचार टक्के. तो निश्चित सोडून जाईल. मुनिमाच्या पगारापेक्षा हे उत्तर पुष्कळ अधिक बोलके आहे.

मात्र स्प्रिंगच्या कारखान्याची कसोटी कापसाच्या मुलखात आणताना सावधगिरी हवी. एक्झॅक्टोचा परतावा प्रमुखाच्या बुद्धीचे फळ होता. वाशिमच्या कोरडवाहू जमिनीवर चालणाऱ्या कारखान्याचा नफा पावसावर, बोंडअळीवर आणि रुईच्या भावावरही अवलंबून असतो. पाऊस चुकला त्या वर्षी कारखान्यात कापूसच येत नाही. परतावा शून्य होतो, आणि कसोटी म्हणते की वेतनही शून्य असावे. वस्तुतः त्याच वर्षी कंपनी जिवंत ठेवण्याचे काम सर्वांत कठीण असते. नफ्याशी वेतन जोडण्याचा जो दंडक वालचंद प्रकरणात चुकीचा ठरला, तोच मागच्या दाराने आत येतो. म्हणून त्रयस्थाचे समाधान एका हंगामावरून नव्हे, तर पाचसहा हंगामांच्या सरासरीवरून मोजले पाहिजे. आणि सुकाळाच्या वर्षी घेतलेल्या अधिक वेतनास दुष्काळात कमी घेतलेल्या वेतनाची वजावट मिळाली पाहिजे. करनिर्धारण वर्षवार होते ही अडचण खरी आहे, पण मागील वर्षांच्या पुराव्याकडे पाहण्यास कायद्याने कोठेही बंदी केलेली नाही.

भागीदारी पेढ्यांच्या बाबतीत विधिमंडळाने हा सारा वाद एका कोष्टकाने मिटविला. १९९३-९४ च्या करनिर्धारण वर्षापूर्वी भागीदाराचे वेतन मुळीच वजा होत नसे. नंतर कलम ४०(ब) ने मर्यादा घालून दिली; २०२५-२६ पासून पुस्तकी नफ्याच्या पहिल्या ६ लाखांवर ३ लाख किंवा ९० टक्के यांपैकी अधिक, आणि उरलेल्यावर ६० टक्के. ही मर्यादा कोणत्याही तत्त्वातून निघत नाही. ६० च का, ५५ का नव्हे, याला उत्तर नाही. पण रिसोडच्या अडत्याला वर्षाच्या आरंभीच आपण कोठे उभे आहोत हे कळते. त्याच अडत्याने बँकेच्या आग्रहावरून पेढीची कंपनी केली की तो कोष्टकाच्या छपराखालून बाहेर पडून ‘वाजवी’ या शब्दाच्या उघड्या आभाळाखाली येतो. व्यवसाय तोच, माणसे तीच.

घरातील स्त्रीच्या वेतनाबाबत कायदा याहूनही विषम आहे. ज्या संस्थेत पतीचा भरीव हितसंबंध आहे तेथून पत्नीला मिळालेले वेतन कलम ६४ प्रमाणे पतीच्या उत्पन्नात मिळविले जाते. तिच्याजवळ तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल, आणि उत्पन्न केवळ त्या ज्ञानानुभवाचे असेल, तरच ते वेगळे राहते. कलमाची भाषा पती-पत्नी दोघांनाही लागू आहे, परंतु भाग पतीच्या नावे असलेल्या कुटुंबात त्याचा आघात एकाच बाजूस होतो. वीस वर्षे डाळ गिरणीची उधारी-वसुली सांभाळणाऱ्या बाईजवळ प्रमाणपत्र कोठून येणार? येथे रक्कम वाजवी आहे की नाही हा प्रश्नच विचारला जात नाही. काम झाले, मोल रास्त होते, पैसे तिच्या खात्यात गेले, तरी ते उत्पन्न तिचे नव्हे. बनावट वेतने रोखण्यासाठी कलम ४०अ(२) उपलब्ध असताना हा दुसरा अडसर कशासाठी, याचे समर्थन करणे कठीण आहे.

२०१९ साली ई-निर्धारणाची योजना आली, आणि १ एप्रिल २०२१ पासून चेहराविरहित निर्धारण कलम १४४ब म्हणून अधिनियमात बसले. लाचलुचपतीच्या दृष्टीने त्याचे गुण सांगितले जातात, ते नाकारण्याचे कारण नाही. पण ‘धंद्याची खरी गरज’ हे शब्द वाचणारा अधिकारी आता देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात असू शकतो. जिन हंगामापुरतेच चालते आणि बाकीचे महिने यंत्रांची दुरुस्ती, उधारीची वसुली व पुढील हंगामाच्या भांडवलाची जुळवाजुळव यांत जातात, हे अकोल्याच्या अधिकाऱ्याला न सांगता ठाऊक असे. त्याला आता ते कागदावर कळवावे लागते. आणि कागदच तर कुटुंबाच्या कंपनीत नसतो. वेतनवाढीचा ठराव वर्ष संपल्यावर, नफा दिसल्यावर, ताळेबंदाच्या दिवशी लिहिला जातो. कोणी काय काम केले याची नोंद नसते, कारण घरात ती कोणी ठेवीत नाही. अशा वेळी न्यायाधिकरणाच्या नागपूर पीठापुढे जेव्हा प्रकरण जाते, तेव्हा वालचंद निर्णयाचा आधार पुढे केला जातो, आणि पीठ साहजिकच विचारते की, धंदा करणाराची ती दृष्टी हंगामाच्या आरंभी कोठे लिहून ठेवली होती.